उसनी भांडी

दिवाळीच्या अंकासाठी पैशावर काहीतरी गमतीचं लिहून द्या, असा निरोप घेऊन शाळामास्तर माझ्या घरी आले, तेव्हा मला आधी वाटलं की ते घर चुकले. पैशावर लिहायचं तर पेढीवाल्यानं लिहावं. मी जुन्नरचा कल्हईवाला. जन्मभर दुसऱ्यांची भांडी पांढरी केली आणि घरी येऊन आमच्या हिचं बोलणं ऐकलं, "लोगां के बासन चमकाते फिरते, घर के बासन काले." पण मास्तर हटेनात. म्हणाले, "हुसेनभाई, तुम्ही दोन तालुक्यांच्या चुली बघितल्यात, तेच लिहा." हे मात्र खरं. माणसाच्या पेटीत काय आहे ते कधी कधी त्याच्या बायकोलाही ठाऊक नसतं, पण चुलीवर काय चढतं ते कल्हईवाल्याला बसल्या जागी कळतं. चार बुकं शिकलोय, तेवढ्यावर लिहितो. शुद्धलेखन मास्तरांनी बघावं.

मी सांगतोय तो काळ रुपयावर राणीच्या जागी राजा आला तेव्हाचा. त्या राजाचं डोकं उघडं होतं. आमच्याकडची म्हातारी माणसं तो रुपया उलटासुलटा करून बघायची आणि म्हणायची, "ह्याला सोताला पागोटं घ्यायला जमलं न्हाई, ह्याचा रुपया काय टिकनार?" बाजारात असा रुपया पुढं केला की गिऱ्हाईक म्हणायचं, "राणीचा असंल तर दे." पुढं सगळ्यांना सवय झाली. राजा उघड्या डोक्यानं चालला आणि रुपयाही चालला.

आता धंदा काय ते सांगतो, कारण हल्ली घरोघरी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भांडी आलीत आणि पोरांना कल्हई हा शब्दच माहीत नाही. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक किंवा आंबट आमटी ठेवली की ती कळकते, म्हणजे हिरवी पडते. खाल्ली तर माणूस ओकून ओकून बेजार होतो. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. जमिनीत खड्डा करायचा, कोळसा पेटवायचा, भात्यानं वारा घालायचा. भांडं तापलं की नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि चिंधीनं झरझर फिरवायचं. धूर नाकात जातो आणि डोळ्यांतून पाणी येतं. मग भांडं पाण्यात बुडवलं की चांदीचं वाटावं असं निघतं. बायकांना ते बघायला फार आवडायचं. एवढं सोपं आहे, फक्त हात भाजतात.

भाता ओढायला मी माणूस ठेवला नव्हता. ज्याची भांडी त्यानं माणूस द्यायचा, नाहीतर मी गावातलाच कुणीतरी धरायचो आणि त्याचा पैसा वेगळा लावायचो. ह्यात मला एक गंमत दिसली. रोजंदारीवर जाणारा गडी एक तपेलं घेऊन यायचा, भात्याचा पैसा पुढं टाकायचा आणि "आज मी बसनार" म्हणून बिडी पेटवून शेजारी बसायचा. आणि ज्याच्या पेवात तीन सालांचं धान्य, तो पागोटं काढून स्वतःच भाता ओढायला बसायचा. घाम पुसत म्हणायचा, "भाई, ह्याचा पैसा कमी कर बरं का." श्रीमंतीत माणसाला आराम मिळतो असं मी लहानपणी ऐकलं होतं. धंद्यात पडल्यावर मी ती समजूत सोडून दिली.

कळंबला एक गृहस्थ होते. नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं आहेत. त्यांच्याकडं पितळेचं एक मोठं घंगाळ होतं, आंघोळीचं. दर साली माझी भट्टी त्यांच्या गावात लागली की ते घंगाळ डोक्यावर घेऊन, सरळ वाट सोडून सगळ्या गावाला वळसा घालून माझ्याकडं यायचे. मी पहिल्यांदा म्हटलं, "काका, ह्याला कल्हई लागत नाही. ह्यात काय ताक घुसळायचंय?"

म्हणाले, "तू लाव."

मी आतून घासायला लागलो तर माझा हात धरला. "आतून नगं. भाईरून लाव. आत कोन बघतंय?"

मी लावली. घंगाळाला बाहेरून कल्हई करणारा दोन तालुक्यांत मी एकटाच असेन. मी ह्या गोष्टीवर पुष्कळ ठिकाणी लोकांना हसवलंय. पण ते गृहस्थ घंगाळ घेऊन परत निघाले की त्यांच्या चालण्यात काय ऐट यायची. एका साली पीक गेलं होतं, तरी आले. मी पैसे घेतले नाहीत, तर रागावून कथलाच्या डब्यात टाकून गेले. माणसाला आपण बरे आहोत असं चारचौघांना दिसावं वाटतं, त्यात हसण्यासारखं थोडं आहे आणि वाईट फारसं नाही.

ह्याच्या अगदी उलट पिंपरी पेंढारचे अनाजी तात्या. जमीन भरपूर, विहिरीला पाणी, दारात बैलांच्या जोड्या. घरात भिंतभर फळी आणि फळीवर तांब्यापितळेची भांडी ओळीनं लावलेली. पण माझ्याकडं त्यांचं भांडं आलं तर ते घरी ठेवूनच जुनं झालेलं असायचं. बुडाला काजळी नाही, आत पळीचा ओरखडा नाही. ह्या माणसाकडं रोजचं कालवण मातीच्या गाडग्यात शिजायचं. एकदा मी विचारलं, "तात्या, एवढी भांडी असून गाडगं?"

"भांडं वापरलं की झिजतं, भाई."

"मग ठेवता कशाला?"

"असावीत की. हायेत म्हनून तर वापरायची गरज न्हाई."

त्यांची बायको सरूबाई मागं उभी होती. ती पदर तोंडाला लावून हसली, पण ते हसू मला काही चांगलं वाटलं नाही. ती बाई त्या घरात दिवसभर फळीवरची भांडी पुसायची आणि संध्याकाळी गाडग्यात रांधायची.

ह्या अनाजी तात्यांची लेक येसू. तिचं लग्न मला जवळून बघायला मिळालं, आणि पैशाबद्दल मला जे थोडंफार कळलंय ते तिथं कळलं.

तात्यांना लेकीसाठी असं घर हवं होतं, जे भरलेलं असेल पण काही मागणार नाही. अशी घरं कमी असतात. शेवटी डिंगोऱ्याचा सखाराम नावाचा माणूस त्यांना भेटला. ह्या सखारामची बहीण गऊबाई डिंगोऱ्यातच दिलेली, विधवा, आणि तिचा एकुलता मुलगा धोंडीबा लग्नाचा. सखारामनं भाच्याची तारीफ केली ती खरी केली. पोरगा कष्टाळू, निर्व्यसनी, बोलायला गोड. पण तारीफ करता करता त्याचा तोल गेला आणि तो म्हणाला, "आन भांड्यांनी घर भरलंय, तात्या. पाय ठिवायला जागा न्हाई." तात्या खूश. म्हणाले, येतो घर बघायला.

इकडं गऊबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या घरात धातूचं भांडं एकच, एक जुनं पातेलं, तेही बुडाला भोक पडून डाग दिलेलं. तो डाग मीच दिला होता. बाकी सगळी मडकी. ह्याआधी दोन ठिकाणचे पाहुणे घर बघून गेले होते. दोन्ही वेळेला त्यांनी दारातून आत नजर टाकली, पाणी प्याले आणि काढता पाय घेतला. दुसऱ्या वेळचे तर पाणीसुद्धा पुरतं प्याले नाहीत. त्यानंतर धोंडीबानं म्हणे आईला सांगितलं होतं, आता कुणी बघायला येतो म्हटलं तरी नको म्हण. त्यामुळं हे तिसरं स्थळ मोडलं तर पोरगं बिनलग्नाचं राहणार, ह्या धास्तीनं गऊबाईचा जीव टांगणीला लागला होता.

सखाराम माझ्याकडं जुन्नरला आला. म्हणाला, "हुसेनभाई, त्या दिशी तुमी डिंगोऱ्याला या. भट्टी आक्काच्या अंगनात लावा. आळीतल्या समद्या बाया आपापली भांडी आनतील. पावणं आलं की मी म्हननार, आज कल्हई हाय म्हनून भांडी भाईर काढलीत. तुमी फकस्त गप ऱ्हायचं."

"आणि मला कुणी विचारलं तर?"

"तुमाला कोन इचारतंय?"

मला आवडलं नाही. गावोगाव फिरणाऱ्या माणसाच्या शब्दाला काही किंमत असली तर ती तो खोटं बोलत नाही म्हणून असते. पण आळीभर भांडी एका जागी मिळणार होती, आणि धोंडीबा मला पोरासारखा. हो म्हटलं.

ठरल्या दिवशी मी भट्टी लावली. बाया आल्या. पातेली, डेचक्या, पराती, तपेली, अंगण भरून गेलं. धोंडीबा भात्याला बसला, मान खाली घालून. आणि मग ते झालं जे सखारामच्या डोक्यात आलंच नव्हतं. गावात कुणीही सगळ्यांबरोबर कल्हईला भांडं आणलं की अदलाबदल होऊ नये म्हणून त्याच्या गळ्याला आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधतं. भट्टीवर चढवताना मी ती सोडायची, उतरल्यावर परत बांधायची. बायांनी सवयीनं तसंच केलं. आणि सवयीनंच प्रत्येक बाई आपल्या भांड्यापाशी फतकल मारून बसली. तांब्याचं भांडं अंगणात सोडून घरी कोण जाईल? सखाराम हात जोडत फिरत होता, "अगं बायांनो, जावा की घरी." एक म्हणाली, "माझं निघालं की जाते." कोंडाबाई म्हणून एक होती, ती मला म्हणाली, "भाई, माझ्या परातीला कथील जरा हात सैल सोडून लावा."

एवढ्यात पाहुणे आले. अनाजी तात्या पुढं, आणि मागं सरूबाई. घर बघायला बाईमाणूस सहसा येत नसे, पण ती हट्टानं आली होती.

सखारामनं ठरलेलं बोलणं सुरू केलं. तात्या ओसरीवर बसले, अंगणातली भांडी बघून त्यांचा चेहरा फुलला. जोडे काढून त्यांनी मांडी घातली. सरूबाई मात्र उभी राहून बघत होती. हिरवी चिंधी बांधलेल्या परातीशेजारी हिरव्या लुगड्याची कोंडाबाई. तांबड्या चिंधीच्या डेचकीशेजारी तांबडं लुगडं. तिची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि मला कळलं की हिला कळलं.

तात्यांना काही दिसलं नव्हतं, पण माणूस व्यवहारी. ते माझ्याकडं वळले. "भाई, तू समदी घरं बघितलीत. ही भांडी ह्याच घरची ना?"

भाता थांबला. मी चिंधी झटकली, खाकरलो. म्हटलं, "तात्या, एवढं सांगतो की ह्यातलं एकही भांडं असं नाही, ज्यात रोज शिजत नाही."

"मी ते न्हाई इचारलं."

खोटं बोलवेना आणि खरं सांगून त्या पोराचं घर मोडवेना. सखाराम घसा साफ करायला लागला. तेव्हा गऊबाई चुलीपासून उठून बाहेर आली, भट्टीपाशी गेली आणि डागाचं पातेलं हातात घेतलं.

"पावणं," ती म्हणाली, "हे एक माझं. बाकी समदी ह्या बायांची हायेत. माझ्या भावानं माझ्या पोरासाठी केलं. वंगाळ मनानं न्हाई केलं, पर खोटं ते खोटं. तुमी पानी प्या आन जावा. आमाला राग न्हाई."

धोंडीबाचं तोंड मला दिसत नव्हतं, ते बरंच झालं. तात्या उठले. एक पाय जोड्यात घातला आणि म्हणाले, "चल गं."

सरूबाई जागची हलली नाही. ती कोंडाबाईपुढं जाऊन बसली. "हे तुझं भांडं?"

"व्हय."

"दिलंस कसं हिला?"

कोंडाबाईला प्रश्नच कळेना. "मंजी? मागितलं तिनं."

"फुटलं, हरवलं असतं तर?"

"म्हनून तर बसलेय हितं," कोंडाबाई म्हणाली. मग तिला वाटलं हे फार कोरडं झालं, म्हणून पुढं म्हणाली, "माझ्या बाळंतपनात हीच व्हती बाई माझ्यापाशी. माझी आय लांब. परातीचं काय घिऊन बसलात?"

सरूबाई उठली. नवऱ्याकडं वळली. एवढ्या वर्षांत मी तिला त्याच्यापुढं तोंड उघडताना बघितलं नव्हतं.

"आपल्याकडं कार्य निघालं तर कोन येईल?"

"आपल्याला काय मागायचंय कुनाकडं? आपली भांडी आपल्याला पुरून उरतील."

"भांडं न्हाई इचारत मी. भांड्यामागं येऊन बसनारी बाई कोन, ते सांगा."

तात्या एका पायात जोडा घालून उभे होते. ते उत्तर शोधत होते, खरंच शोधत होते, मला दिसत होतं.

"मला कोन न्हाई," सरूबाई म्हणाली. "लगीन होऊन आले तवापास्नं माझ्या दारात कुनी वाटीभर डाळ मागायला आलं न्हाई, का मी कुनाच्या दारात गेले न्हाई. भरल्या घरात मी एकलीच बोलत असते. माझी येसू मी ह्याच घरात देनार. तुमाला नसंल जायचं तर बसा, असंल तर जावा."

मी एवढा म्हातारा झालो, पण त्या वेळी डोळ्यांत आलं ते धुरानं आलं असं म्हणून मी कुणाला फसवणार नाही. तात्यांनी हळूच जोडा काढला आणि परत ओसरीवर बसले. मग धोंडीबाला म्हणाले, "भाता कशाला थांबवलास? भाईचा कोळसा फुकट चाललाय."

गऊबाईच्या हातून पातेलंच खाली पडलं. बाया हसल्या, काही रडल्या, आणि बरीच भांडी पांढरी झालीच होती म्हणून त्यांनी तिथंच चुली मांडल्या. कुणी तांदूळ आणला, कुणी गूळ. मी उरलेल्या भांड्यांना कल्हई लावली आणि घरोघरचे पैसे वेगवेगळे गोळा करता करता माझ्या नाकी नऊ आले.

लग्न डिंगोऱ्यातच झालं, नवऱ्या मुलाच्या दारी. मांडवाचा खर्च वाचतो म्हणून तात्यांनीच तसं ठरवलं होतं, तेवढ्यावरून कुणाला वाटू नये की माणूस एकदम पालटला. पण आदल्या दिवशी पिंपरी पेंढारहून त्यांची बैलगाडी आली, ती फळीवरच्या भांड्यांनी भरलेली. सरूबाईनं एक भांडं मागं ठेवू दिलं नव्हतं. तात्या गाडीशेजारून चालत आले, खाच लागली की बैलांना शिव्या देत. भांडी उतरवताना प्रत्येकाला "हळू, हळू" म्हणत होते. मग आचाऱ्यांनी त्यांतली मोठी पातेली उचलून चुलीवर चढवली आणि जाळ लावला. तात्यांनी डोळे मिटून घेतले.

दिवसभर ते चुलींच्या आसपास बसून राहिले. भांड्यांवर लक्ष ठेवायचं म्हणून बसले होते, पण तिथं बसलं की बोलावं लागतं. डिंगोऱ्याची माणसं येत, "तात्या, तंबाखू हाय का?" म्हणत. कुणी विहिरीची गोष्ट काढली, कुणी बैलाची. दुपारनंतर मी बघितलं तर तात्या हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि चारपाच जण गुडघ्यावर हात मारून हसत होते. सरूबाई बायांत बसून भाकरी थापत होती. तिला हाक मारावी लागली तर तीन बाया एकदम मारत होत्या.

दुसऱ्या दिवशी येसूला सासरी सोडून तात्या निघाले. भांडी घासून गाडीत रचली. गाडी वेशीपर्यंत गेली असेल तोच गऊबाई मागून धावत आली. तिच्या हातात तांब्याचं एक मोठं तपेलं होतं. लग्नाला आलेला मीही त्याच वाटेनं निघालो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"इवाई," ती धापा टाकत म्हणाली, "हे राह्यलं तुमचं. चुलीमागं व्हतं."

आमच्याकडं त्या काळात बाप लेकीच्या दारात कारणाशिवाय जात नसे. लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचा नाही. तात्यांनी तपेल्याकडं बघितलं. गाडीतल्या भांड्यांकडं बघितलं. ते विसरलं होतं की ठेवलं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही, आणि त्या माणसानं कधी काही विसरलेलं मी ऐकलं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या तिथंच," तात्या म्हणाले. "न्यायला म्हनून येईन मी."